सांगायचं राहिलं

आमचा मोत्या अकरा वर्षांचा आहे. गावठीच. एका पावसाळ्यात स्कूटरच्या आडोशाला येऊन बसला तो बसलाच. तीन वर्षांपूर्वी एका रात्री हॉलमध्ये आडवा पडून पाय झाडायला लागला, तोंडाला फेस, डोळे फिरलेले. मला वाटलं, गेला. डॉक्टर म्हणाले, अपस्मार आहे. फिनोबार्बिटोनची गोळी, माणसांना देतात तीच, बारा-बारा तासांनी. चुकवायची नाही आणि मनाने एकदम बंद तर मुळीच करायची नाही. तेव्हापासून सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात या आमच्या घरातल्या पक्क्या वेळा झाल्या. बारसं असो, लग्न असो, सातच्या आत टिळकवाडीत परत.

कॅमेरा घरात आला तो त्याच्यामुळेच. आम्ही दोघं बाहेर असताना त्याला एकदा फिट आली, परत येऊन बघतो तर टीपॉयच्या पायाला डोकं आपटून पडलेला. मुलगा दिवाळीला पुण्याहून आला तो खोकं घेऊनच. मुठीएवढा पांढरा गोळा. मान फिरवतो, अंधारात बघतो, ऐकतो, आणि आपण फोनमधून बोललो तर तिकडे बोलतोसुद्धा. मुलाने तो शोकेसवर, सासऱ्यांच्या फोटोखाली बसवला. खोलीत काही हललं की फोनवर घंटी वाजते. आत नखाएवढं कार्ड असतं, सगळं त्यावर साठतं, कार्ड भरलं की जुनं पुसून नवं. दोन-अडीच हजार रुपयांत एवढं सगळं. मुलाने दोनदा समजावलं, मला त्यातलं एकच कळलं, की आता मंडईत मेथीची जुडी निवडता निवडता मोत्याचं पोट वर-खाली होतंय की नाही ते मला बघता येईल. मी खूश होते. खोटं कशाला सांगू?

शिखरजीला जायचं कित्येक वर्षं घाटत होतं. यांचे गुडघे आणखी बिघडायच्या आत जाऊन येऊ म्हणून फेब्रुवारीतली तिकिटं काढली. बारा दिवस. मग प्रश्न आला मोत्याचा. कुत्री ठेवून घेणारे गावात आहेत, पण फिट येणारा म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. नणंदबाई म्हणाल्या, "कुत्र्यापायी यात्रा थांबवतेस होय?" त्यांच्याकडे ठेवायचा विषयच नव्हता.

शेवटी माझी मैत्रीण म्हणाली, "मी येऊन राहतो की. त्यात काय गे एवढं?"

(आमच्या बेळगावात बायकाही 'येतो, जातो, राहतो'च म्हणतात. पुण्याची सून अजून हसते.)

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. का ते पुढे येईलच. शाळेत एका बाकावर बसलो, शहापुरात तिचं घर, मुलं परदेशी, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. ती सारस्वत. आठवड्यातून तीनदा घरात मासळी. तरी आमच्याकडे राहायचं ठरल्यावर मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "दुपारचं मी घरी जाऊन जेवून येईन. तुझ्या चुलीवर चहा आणि आमटीभात. कांदासुद्धा आणणार नाही, घाबरू नको." मी घाबरले नव्हते. म्हणजे, थोडी घाबरले होते. तिने ते ओळखलं आणि मला विचारायची वेळच येऊ दिली नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी कागदावर सतरा गोष्टी लिहून फ्रिजला चिकटवल्या. गोळी गुळाच्या खड्यात दाबून द्यायची. डॉक्टरांचा नंबर. पाण्याची मोटर किती वेळ. गॅसचा कॉक. सिलिंडरवाला कोणत्या वारी येतो. मोत्या फटाक्याला घाबरतो. मागच्या दाराची वरची कडी. सतरा. त्यात कॅमेरा नव्हता.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की राहून गेलं, गडबडीत राहून गेलं. समोरच तर होता शोकेसवर, दिसलाच असेल तिला. पण वरची कडी लक्षात राहते आणि कॅमेरा राहत नाही, असं होत नसतं. मला सांगायला अवघड वाटलं, हे खरं. "अगं, तो कॅमेरा आहे हं" म्हटलं तर तिला वाटेल माझ्यावर विश्वास नाही. तिला असं वाटू नये म्हणून मी सांगितलं नाही, आणि कॅमेरा चालू ठेवला. आता लिहिताना किती विचित्र दिसतं.

मधुबनच्या धर्मशाळेत रेंज बरी होती. पहिले दोन दिवस मी सातला फोन उघडला. ती गूळ हातात घेऊन खाली बसायची, मोत्या तिच्या मांडीला नाक लावायचा, गोळी पोटात. मी यांना दाखवायची, हे म्हणायचे, "झालं, आता ठेव." मग साडेसातलाही उघडून बघू लागले. मग झोपताना. ती खुर्ची खिडकीशी ओढून घेते हे दिसलं. टीपॉयवर पाय टाकून बसते. गाऊनच्या खिशात चष्मा ठेवते आणि घरभर शोधते. मला मौज वाटायची. आपण नसताना आपलं घर कसं दिसतं, याची एक चटकच लागते. चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की मोत्या चित्रात नसला तरी मी बघत बसते.

पाचव्या रात्री आम्ही लवकर पडलो होतो. पहाटे दोनला उठून डोंगर चढायचा होता. पावणेनऊला फोनची घंटी वाजली. मला मोत्याचीच भीती, म्हणून लगेच उघडलं. मोत्या स्वस्थ झोपलेला. ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

कुणाशी आणि काय ते मी लिहिणार नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटातच मला कळलं होतं की हे माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. तेव्हा बंद करता आलं असतं. मी उठून पिशवीतले इयरफोन काढले, यांना ऐकू जाऊ नये म्हणून. अकरा मिनिटं ऐकलं. पन्नास वर्षांच्या मैत्रीत तिने मला जे एका शब्दाने सांगितलं नव्हतं, ते मी धर्मशाळेच्या खाटेवर ब्लँकेटमध्ये तोंड घालून ऐकलं. फोन झाल्यावर ती आत गेली नाही. सोफ्यावरच आडवी झाली, एक हात खाली मोत्याच्या पाठीवर. कॅमेऱ्याला रात्री रंग नसतो. राखाडी खोली, राखाडी हात.

वंदना झाली. नऊ किलोमीटर चढ, वर टोंका फिरत नऊ, उतरताना नऊ. यांना डोली केली होती. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले त्या डोंगरावर, ज्या दिवसाची कित्येक वर्षं वाट बघितली त्या दिवशी, मी शहापूरच्या एका बाईच्या घरचा हिशोब डोक्यात मांडत चालत होते.

दुसऱ्या दिवशी तिचा नेहमीसारखा फोन आला. मोत्या जेवला, शी घट्ट आहे, मावशी येऊन गेल्या. मी सगळं ऐकून घेतलं, आणि तिची काळजी वाटत होती म्हणूनच, खरंच काळजीनेच, म्हणाले, "ते सोफ्यावर झोपू नको गे. मान धरेल. आत पलंग केलाय की तुझ्यासाठी."

पलीकडे काहीच नाही. मग, "तुला कसं कळलं?"

"अगं तो कॅमेरा आहे ना, मोत्यासाठी बसवलेला..."

"बरं," ती म्हणाली. "ठेवतो आता. दूध ठेवलंय गॅसवर."

त्यानंतरचे सगळे दिवस मला फक्त रिकामा हॉल दिसला. मोत्याची गादी तिने आतल्या खोलीत नेली होती. खुर्ची जागेवर परत. पण सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ती मोत्याला बाहेर आणायची. नेमकी शोकेससमोर बसायची, साडी नेसून, गाऊन नव्हे. गुळाचा खडा द्यायची, त्याचा जबडा उघडून गोळी गिळल्याचं दाखवायची आणि त्याला घेऊन आत जायची. हजेरीपटावर सही करावी तशी. कॅमेऱ्याकडे तिने एकदाही वर बघितलं नाही.

परतलो तेव्हा घर लख्ख होतं. तिने चहा केला, गोळ्यांची पाकिटं मोजून दिली, शिखरजीचा प्रसाद कपाळाला लावून घेतला, किल्ली टीपॉयवर ठेवली आणि रिक्षा करून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मार्च गेला, एप्रिल गेला. मी फोन केला की बोलायची. हवापाण्याचं.

नणंदबाई प्रसादाला आल्या होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "बारा दिवस एकटीच होती म्हणे. तुझा तो कॅमेरा आहे ना? स्वयंपाकघरात काही दिसलं का?" वाचणाऱ्या काही जणींच्याही मनात हे मघाशीच येऊन गेलं असेल, म्हणून लिहिते. मी फटकन म्हणाले, "स्वयंपाकघरात कॅमेरा नाही, वन्सं." फार बाणेदार उत्तर दिलं असं तेव्हा वाटलं. रात्री भांडी लावताना लक्षात आलं, की असता तर दिसलं असतं असाच त्याचा अर्थ होतो. जिने बारा दिवस माझ्या देवाधर्माखातर स्वतःची जीभ बांधून ठेवली, तिच्या बाजूने मला एवढंच बोलता आलं.

त्याहून वाईट मे महिन्यात व्हायचं होतं. मुलगा, सून, नातू सुट्टीला आले. नातू सहा वर्षांचा. मोत्याच्या गळ्यात पडून म्हणाला, "आजी, तू बाहेर गेलेलीस ना, तेव्हा मी रोज मोत्याला बघत होतो जेवताना. ती दुसरी आजी पण होती. ती खाली का बसली होती?"

माझ्या हातातला पेला थांबला. मुलाला विचारलं तर तो सहज म्हणाला, "अगं त्याच्या टॅबवर पण आहे ते ॲप. त्याशिवाय जेवतच नाही तो." माझा एक, यांचा एक, मुलाचा एक, सुनेचा एक आणि हा टॅब. पाच जागी माझं घर उघडं होतं. आवाज बंद असायचा म्हणे. "आई, कुणी इतकं लक्ष देऊन बघत नाही गं," मुलगा म्हणाला. त्याचं खरंही असेल. लक्ष देऊन बघणारी मीच एकटी होते.

कार्डावरचं आणि त्याच्या त्या ढगातलं सगळं मी त्याला बसवून पुसायला लावलं. पाच मिनिटांचं काम.

त्याच सुमारास आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना मी विचारलं, की तुम्ही तिच्याशी कॅमेऱ्याबद्दल काही बोलला होतात का? त्या म्हणाल्या, "मी कशाला बोलू वैनी? त्यांना ठावं असंल असं वाटलं. मला तर पैल्या दिवशीच कळलं. मी झाडत गेली की ते मुंडकं वळतंय की माझ्या मागं." मग फरशी पुसता पुसताच म्हणाल्या, "तवापासून मी हॉलात पदर खोचत न्हाई."

दिवाळीपासून मे. रोज. आणि मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. मैत्रिणीच्या बाबतीत निदान अवघडलेपण तरी होतं. मावशींना सांगायला हवं हे मनातच आलं नव्हतं. मैत्रीण रागावली म्हणून मला झोप येईना. मावशींनी पदर सोडून फरशी पुसली, ते माझ्या नजरेलाही पडलं नाही, आणि नजरेला पडावं म्हणूनच तर तो कॅमेरा होता.

वकिली करणाऱ्या पुतण्याला मी आडून विचारलं. तो उत्साहाने सांगू लागला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. बाईला तिच्या नकळत खासगी अवस्थेत बघणं, तिचं चित्रण करणं हा गुन्हा आहे, आता न्याय संहितेत त्याचं कलम ७७. पण २०२३ चा जो माहिती-संरक्षणाचा कायदा, त्यातून माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेला वापर वगळलाय. "म्हणजे काकू, हॉलमधल्या कॅमेऱ्याबद्दल तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही." कुणी म्हणावं म्हणून मी विचारलंच नव्हतं. पण त्याला ते काय सांगणार.

भाद्रपद आला. दशलक्षणात आमच्या बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय समजावून सांगतात. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मला लहानपणापासून पाठ आहेत: बांधणं, मारणं, छेदणं, अति ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. बैल नि गाय डोळ्यांसमोर ठेवूनच ते सांगतात असं मला नेहमी वाटतं. मी मनात म्हटलं, यात आपण पास. मोत्याचं अन्नपाणी बारा दिवसांत एकदाही चुकलं नाही. मग पंडितजी सत्याणुव्रतावर आले आणि त्यातला दुसरा अतिचार सांगितला, रहोभ्याख्यान. एकांतात घडलेलं उघड करणं. हा शब्द मी दरवर्षी ऐकत आले होते. नवरा-बायकोच्या गोष्टी बाहेर सांगू नयेत एवढाच अर्थ लावून पुढे जायची.

खोटं बोलण्याच्या दोषांत ही गोष्ट का घातली असेल? जे उघड करायचं ते तर खरंच असतं. मी तिथे बसून स्वतःशी वाद घालत होते, की मी कुणाला काही सांगितलंच नाही. यांनासुद्धा नाही. मग शेवटचा अतिचार आला, चेहऱ्या-हावभावांवरून दुसऱ्याच्या मनातलं ताडून ते फोडणं, आणि मला नातवाचं वाक्य आठवलं. मी सांगितलं नसेल. मी बसवलेल्या यंत्राने पाच जागी सांगितलं होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, उपवास आहे.

क्षमावाणीच्या दिवशी हल्ली सगळ्यांचे फोन 'उत्तम क्षमा'च्या चित्रांनी भरतात. एकच निरोप दोनशे जणांना. मीही पाठवते. त्या वर्षी तिला पाठवला नाही; शहापूरला गेले.

ती कोळंबी सोलत होती. मला बघून झाकायला लागली तर म्हटलं, राहू दे. दारातच स्टुलावर बसले. कुठून सुरू करावं कळेना, म्हणून शेवटाकडून सुरू केलं, की मी फक्त बघितलं नाही, ऐकलंसुद्धा. त्या रात्रीचं सगळं. अकरा मिनिटं.

तिचे हात थांबले. हे तिला माहीत नव्हतं. त्या यंत्राला कान असतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इतके महिने ती फक्त गाऊनवर दिसल्याचा आणि सोफ्यावर झोपल्याचा राग धरून होती. मी माफी मागायला गेले आणि तिची जखम दुप्पट करून ठेवली. सांगितलं ते चुकलं का, हे मला आजही ठरवता येत नाही. न सांगता तिच्याकडून क्षमा घेतली असती तर तीही चोरीचीच झाली असती, असं तेव्हा वाटलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो. मोत्यासाठी आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? फोन मी आत जाऊन केला असता, एवढंच." आणि थोड्या वेळाने, "आणि ऐकलंस तर ऐकलंस. पण मग नंतर एक दिवस तरी विचारायचं होतं गे, कशी आहेस म्हणून. तुला तर माहीत होतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने हात धुतले, चहा ठेवला. चहाचं भांडं वेगळं काढून ठेवलेलं असतं तिच्याकडे, माझ्यासाठी, लग्न झाल्यापासून.

कॅमेरा आजही आहे. मोत्याच्या फिट्स आहेत तोवर राहील. पण आता आम्ही घरी असतो तेव्हा त्याची वायर काढलेली असते, आणि दारातच, चपला काढतात तिथे, मी मराठीत आणि कन्नडमध्ये एक कागद लावलाय. नणंदबाई म्हणतात, घर आहे की बँक. मावशी येतात तेव्हा त्या स्वतःच वायर ओढतात. पहिल्या दिवशी मला "काढू काय?" विचारलं होतं, आता विचारत नाहीत. ॲप माझ्या एकटीच्या फोनवर. नातवाला मी मोत्याचे फोटो पाठवते, त्यावर तो नाराज आहे.

हे लिहू का म्हणून तिला विचारलं होतं. म्हणाली, लिही, पण मला आधी दाखव. तिने दोन ओळी खोडल्या आणि एका जागी "मासळी तीनदा नाही, चारदा" असं पेन्सिलीने लिहिलं. ते मी तसंच ठेवलंय, तीनदा; घरात चारदा आणि सांगायला तीनदा, असं शेवटी तिचंच म्हणणं पडलं.

गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नाला आठ दिवस इंदूरला जायचं होतं. मी काही बोलायच्या आत तिचा फोन आला. "मी तुझ्याकडे येत नाही. त्यालाच इकडे घेऊन ये." मोत्याची गादी, गूळ, गोळ्या, वाडगा, सगळं रिक्षात घालून शहापूरला गेलो. उतरल्यावर त्याने मागे वळूनही बघितलं नाही, सरळ तिच्या स्वयंपाकघरात. तिथे त्याला काय मिळतं ते मी विचारत नाही.

इंदूरला रोज सातला माझा हात फोनकडे जायचा. सव्वासातला तिचा निरोप यायचा, एकाच शब्दाचा. "दिली."